गाळणीचा आकडा

७ जानेवारी

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या कोडिंग विभागाच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: रोज जे शिकाल ते घरी जाऊन वहीत उतरवायचं. त्यांच्या मनात दोन ओळी असणार. दोन ओळींत मला साधा निरोपही देता येत नाही, हे त्यांना अजून कळायचंय.

तर मी. वय बावन्न. सत्तावीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले. ग्रंथालय बंद झालं आणि मी घरी बसून ताईच्या शिवणाची रिळं रंगवार लावायला लागले, तेव्हा ताईने हॉस्पिटलची जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "धाकटे, माझ्या रिळांचा नाद सोड आणि इथे अर्ज कर. माणसांच्या दुखण्यांना नंबर देतात म्हणे. तुझ्या मापाचं काम आहे."

काम असं: रुग्ण घरी गेला की त्याचे कागद आमच्याकडे येतात. डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचायचं आणि एकेका आजाराला ठरलेला कोड द्यायचा. जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांना कोड आहेत. बदक चावलं तर एक आणि बदकाने नुसती धडक दिली तर दुसरा. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि कितीतरी वेळ त्याच पानावर राहिले. कुणीतरी कुठेतरी बसून विचार केलाय, की उद्या एखाद्याला बदक चावलं तर त्याची नोंद हरवू नये. मला भरूनच आलं.

ताईला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "आणि बहिणीने डोकं खाल्लं तर कुठला?"

१५ जानेवारी

मला किडनीचं टेबल मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे हाडं आणि सांधे आहेत. ती इतकं भराभर बोलते की सगळे तिला चिमणीच म्हणतात. ती म्हणाली, "काकू, किडनी म्हणजे डोक्याला ताप." पण मोठ्या बाईंनी तासभर समजावून सांगितलं आणि मी तेव्हापासून जमिनीवर नाही.

मुठीएवढा अवयव. त्यात दहा लाख गाळण्या. एकेका किडनीत दहा लाख! दोन्ही मिळून दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं अंगाला परत देऊन टाकतात. आमच्या गच्चीवरची टाकी पाचशे लिटरची आहे. म्हणजे मी जेवते, भांडते, घोरते, आणि तीन दिवसांत आख्खी टाकी माझ्या पोटातून गाळून होते. मला पत्ता नाही.

किती गाळलं जातंय याचा हिशेब रक्तात उरलेल्या क्रिएटिनिन नावाच्या स्नायूंच्या कचऱ्यावरून काढतात; कचरा जास्त तर गाळणं कमी. मी त्याला गाळणीचा आकडा म्हणते. नव्वदच्या वर उत्तम. साठच्या खाली तीन महिने राहिला तर तो कायमचा आजार, आमच्या भाषेत एन अठरा. पुढे टिंब आणि पायरी. तिसरी, चौथी, पाचवी. पाचवीनंतर मशीन.

"निम्मी गेली तरी माणसाला काही होत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती कुरकुर करत नाही. उरलेल्या गाळण्या गेलेल्यांचं काम अंगावर घेतात आणि म्हणूनच लवकर थकतात."

घरी येऊन ताईला मूठ वळायला लावली आणि तिच्याच टेपने मोजली. हात वर केल्यावर तिचं घड्याळ थेट कोपराकडे घसरलं. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून आण म्हणाली. विसरता कामा नये.

२ फेब्रुवारी

आज सणसणीत बोलणी खाल्ली. एका गृहस्थांच्या रिपोर्टात आकडा एकवीस होता, म्हणून मी चौथी पायरी लिहून मोकळी झाले. कागद लाल होऊन परत.

"डॉक्टरने चौथी लिहिलंय का?"

"बाई, आकडा एकवीस आहे. पाचवीतलं पोरसुद्धा सांगेल."

"पाचवीतल्या पोराला आपण इथे ठेवलेलं नाही. डॉक्टरने लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलं. तर नियम असा: रिपोर्ट कितीही ओरडून सांगत असला तरी आजार आपण ठरवायचा नाही. डॉक्टरने लिहिला तरच तो आहे. शंका आली तर क्वेरी, म्हणजे विचारणा पाठवायची. पण तीही अशी, की डॉक्टरच्या तोंडात शब्द जाता कामा नये. 'हा किडनीचा आजार आहे का?' असं विचारणं म्हणजे घोर अपराध. 'हे आकडे असे आहेत, याचा अर्थ काय तो कृपया नोंदवावा', एवढंच. डोळ्यासमोर विहीर दिसतेय आणि 'पुढे काय आहे ते पाहावे' असं नम्रपणे सुचवायचं.

उलट, फाइलीत बी.पी. आणि किडनी दोन्ही लिहिलेलं असेल, तर डॉक्टरने नाही म्हणेपर्यंत दोघांचा संबंध आहे असंच धरायचं. चिमणी म्हणाली, "कॉलेजात आमचंही असंच धरायचे."

१९ फेब्रुवारी

गंमत झाली. कागदांच्या गठ्ठ्यात चक्क ताईची फाइल! ती गुडघ्यासाठी सांध्यांच्या डॉक्टरांकडे येऊन जाते हे माहीत होतं, पण तिचं नाव हॉस्पिटलच्या कागदावर पाहून शाळेत घरचं माणूस दिसल्यासारखं झालं. नियमाप्रमाणे नातेवाइकाची फाइल उघडायचीसुद्धा नाही, दुसऱ्या टेबलाला द्यायची. मी तिच्यावरची दोरी न सोडता चिमणीकडे सरकवली. "आमच्या ताईची आहे. गुडघा, बाकी काही नाही. दोन मिनिटांचं काम."

खरंच दोनच मिनिटं लागली तिला.

संध्याकाळी ताईला सांगितलं, की तुझी फाइल आली पण मी डोकावलेसुद्धा नाही. वाटलं होतं, कौतुक करेल. ती म्हणाली, "त्यात आहे काय डोकावण्यासारखं? मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठेवणीतलं वाक्य. खरंच कधी धाड भरली नाही तिला. आई गेल्यापासून तिने मला वाढवलं, लग्न केलं नाही, हजारो कपडे शिवले, पण एक दिवस झोपून राहिलेली मला आठवत नाही. माणूस नाहीच ती. डोंगर आहे.

३ मार्च

मोठ्या बाई आम्हा नव्या लोकांना डायलिसिसची खोली बघायला घेऊन गेल्या. ज्याला कोड देतो ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणाल्या.

आठ खुर्च्या, आठ मशिनं. माणसाचं रक्त नळीतून बाहेर येतं, मशीनमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. सगळं उघड्यावर, दिवसाढवळ्या, आणि ते लोक पेपर वाचतायत! मी देवळात उभी राहिल्यासारखी हात जोडून उभी होते, चिमणीने कोपर मारलं तेव्हा समजलं.

एक ट्रकड्रायव्हर होते. त्यांनी आपणहून बोलावलं. "बघा, एवढं खोलीभर सामान, आठवड्यातून तीनदा चार-चार तास. आणि तरी ते तुमच्या मुठीएवढ्याची बरोबरी करत नाही."

"तुम्हाला आधी काही त्रास होत होता का?" मी विचारलं.

"तीच तर मेख आहे. थोडा थकवा. पाय सुजायचे जरा. जेवण जायचं नाही. म्हटलं, वय झालं."

रात्रभर तेच डोक्यात राहणार आता. ताईला सगळं सांगावंसं वाटत होतं, पण ती वैतागलेली होती. नव्या चपला आकसल्या म्हणे, पट्टा रुततो. शिवाय माझ्या स्वयंपाकाला हल्ली चव नसते. दोन महिने ऐकतेय हे. मी तेच मीठ, तेच तिखट घालते. राग आला आणि मीही न बोलता जेवले.

१७ मार्च

आज जेवणाआधीच वही उघडली.

वर्षातून एकदा जुन्या फाइलींची तपासणी होते. नाव, पत्ता झाकलेला. फक्त क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, वजन आणि कागद. कुणाचा कोड राहून गेलाय का ते पाहायचं. मला सांधे विभागाच्या दोनशे मिळाल्या. एकशे तेरावी: स्त्री, एकसष्ट, वजन शेहेचाळीस किलो. निदान: गुडघ्याची झीज. कोड बरोबर. मी पुढे जाणार होते.

पण गठ्ठ्यात तीन वेगवेगळ्या भेटींचे रक्ताचे रिपोर्ट होते, तीन वेगळ्या पाकिटांत. पहिल्यात क्रिएटिनिन एक पूर्णांक एक. लॅबच्या मर्यादेत, शेजारी इशाऱ्याची चांदणीसुद्धा नाही. पाच महिन्यांनी एक पूर्णांक चार. त्यानंतर नऊ महिन्यांनी एक पूर्णांक सात. मी कागदावर गाळणीचा आकडा मांडला. सत्तावन्न. त्रेचाळीस. चौतीस.

चौदा महिन्यांत सत्तावन्नवरून चौतीस! आणि प्रत्येक भेटीत त्याच दुखण्यावरच्या गोळ्या पुन्हा लिहून दिलेल्या, ज्या किडनीला वर्ज्य असतात. कुणाचीच चूक म्हणावी अशी नाही. प्रत्येक वेळी त्या दिवशीचा कागद तेवढा पाहिला गेला. तिन्ही शेजारी शेजारी कुणी ठेवलेच नव्हते.

एवढी लहानखुरी बाई. अंगात स्नायूच नाहीत, म्हणून क्रिएटिनिन कमी भरून किडनी आहे त्याहून चांगली दिसत असणार. वय ताईचंच, पण ताईच्या पासंगालाही पुरणार नाही बिचारी. तिला स्वतःला यातलं काहीही माहीत नाही. ती या क्षणी कुठेतरी ती गोळी घेत असेल. आख्ख्या जगात हे फक्त मला माहीत आहे, आणि मला ते लिहायची परवानगी नाही.

१९ मार्च

क्वेरीचा चौथा खर्डा. पहिल्यात मी 'ताबडतोब' लिहिलं, मोठ्या बाईंनी खोडलं. दुसऱ्यात 'चिंताजनक', तेही खोडलं. तिसरा नुसता वाचूनच परत दिला. "तुम्ही हात जोडताय यात. हात जोडायचे नाहीत. विचारायचं."

चौथा: 'सोबतच्या तीन तपासण्यांतील आकड्यांचा वैद्यकीय अर्थ असल्यास कृपया नोंदवावा.' या एवढ्या वाक्यासाठी दोन दिवस.

२७ मार्च

सांध्यांच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. मी त्यांना मनातल्या मनात सांधेसम्राट म्हणते. 'निदान: गुडघा. वर लिहिलेच आहे.' मी पुन्हा पाठवली. तीही परत. 'कोडिंग विभागाने कोडिंग करावे.'

चिमणी म्हणाली, "काकू, सोडा आता. दोनदा विचारलं, आपलं काम झालं."

झालं असेल. पण मला शेहेचाळीस किलो स्वस्थ बसू देत नाही. मी तिला तेच नाव ठेवलंय. आज जेवताना ताईलाही तिच्याबद्दल सांगितलं, नावगाव नाही, नुसतं असं असं. ताई स्वेटर घालून बसली होती, मी पंख्याखाली घामाघूम. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तिला स्वतःला काही वाटत नसेल तर तुम्ही कशाला घाबरवता? काम करत असेल बिचारी. करू दे."

मी म्हटलं, "ताई, ती मशीनवर जाईल."

"मशीनवर मी रोजच जाते," ताई म्हणाली आणि आपल्या शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. हिला हसण्यावारी न्यायला काहीही पुरतं.

५ एप्रिल

मी आज नियमाच्या अगदी काठावर चालले. तीन रिपोर्ट एका कागदावर शेजारी शेजारी लावले. वर फाइलीचा क्रमांक आणि 'स्त्री, एकसष्ट'; तारखांखाली आकडे आणि त्या त्या भेटीत दिलेल्या गोळ्या. बाकी एक अक्षर नाही. सांधेसम्राटांच्या दाराबाहेर रुग्णांच्या रांगेत बसले. माझा नंबर एकेचाळिसावा.

"कुठला गुडघा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी कागद पुढे ठेवला.

ते ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. मग नजर कागदावरून डावीकडून उजवीकडे गेली आणि परत डावीकडे आली. त्यांनी चष्मा काढला. "या तिन्ही एकाच बाईच्या?"

"हो."

त्यांचं बोट गोळ्यांच्या ओळीवर जाऊन थांबलं. मग म्हणाले, "या गोळ्या मीच लिहिल्यात." मला नव्हे, कागदालाच म्हणाले. पेन उचललं आणि लिहिलं: 'मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार, तिसरी पायरी, उत्तरार्ध. गोळ्या बंद. रुग्णास तातडीने बोलवावे.'

ती ओळ लिहिली जाताना मी पाहत होते. शाई ओली होती. त्या ओळीच्या आधी तो आजार जगात कुठेच नव्हता आणि नंतर होता. इतकी वर्षं लिहिलेल्या कागदांमध्ये काढली, पण लिहिण्यात एवढी ताकद असते हे मला आज दिसलं. मी त्यांच्या पाया पडले असते. त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली म्हणून वाचले.

९ एप्रिल

शेहेचाळीस किलो येत नाहीये! हॉस्पिटलने दोनदा फोन केला, दोनदा नाही म्हणाली. मला त्या अनोळखी बाईचा इतका संताप आलाय की बस. आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि हिला वेळ नाही. गोळ्या तर घेतच असणार.

घरीही तेच वातावरण. ताई कुणाच्यातरी फोनवर चिडलेली. कुणाचा विचारलं तर म्हणे, "रिकामटेकडे लोक."

११ एप्रिल

हॉस्पिटलची टेलिफोनवाली आज स्वतः आमच्या विभागात आली. वैतागली होती. शेहेचाळीस किलोला तिसऱ्यांदा फोन केला, तिसऱ्यांदा नाही. "आणि मागे शिलाई मशीनचा एवढा खडखडाट, की मला ओरडून बोलावं लागलं. म्हटलं, बाई, जरा मशीन थांबवा. तर म्हणाल्या, बाही जोडतेय, मधेच थांबले तर चुणी पडते. आणि मला काय धाड भरलीय?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "अगदी आमच्या ताईसारखी."

मग माझं हसू थांबलं.

चिमणी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा माझ्याआधी पांढरा झाला. "काकू," ती म्हणाली, "ती फाइल... मी नीट पाहिली नव्हती. पहिलं पान पाहिलं फक्त."

"मीच सांगितलं होतं, दोन मिनिटांचं काम आहे म्हणून."

संगणकात फाइलीचा क्रमांक टाकला असता तर समोर नाव आलं असतं. मी टाकला नाही. उठून मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, ही फाइल माझ्याकडून काढून घ्या, ती माझ्या नात्यातली आहे असं मला वाटतंय. त्यांनी नोंदवहीत तो क्रमांक खोडला. एवढंच म्हणाल्या, "काढली. आता घरी जा."

ताई मशीनवर होती. मी तिचं मनगट धरलं. माझं बोट आणि अंगठा एकमेकांवर चढले. स्वेटरच्या आत ब्लाउज, त्याच्या बगलेत शिवणीच्या तीन ओळी, एकीच्या आत एक. तीनदा आत घेतलेला. किती दिवस ती स्वतःचे कपडे लहान करत होती! माझ्यासमोर बसून, याच मशीनवर, आणि मी म्हणत होते, काय ही काटकसर.

"ताई, तुझं वजन किती?"

"बायकांना वजन विचारू नये."

"ताई."

तिने मशीन थांबवलं. "शेहेचाळीस. पण तो काटा बिघडलेला असणार."

रिळांच्या डब्याच्या तळाशी गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. रबर लावून नीट ठेवलेली. एकोणतीस मोजली, पुढे मोजवेना.

महिनाभर मी एका अनोळखी बाईसाठी जीव टाकला आणि ती रोज माझ्यासमोर जेवत होती. तिला चव लागत नव्हती आणि मी रुसले होते.

१८ एप्रिल

ताईला किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कशी नेली ते विचारू नये. मी दारात आडवी बसले, म्हटलं, मला ओलांडून मशीनवर जा. तिला गुडघ्यामुळे ओलांडता येईना.

डॉक्टरीणबाई हळू बोलतात. "थकवा?" "छे." "पायाला सूज?" "चपला घट्ट आहेत." "भूक?" "हिचा स्वयंपाक." प्रत्येक उत्तराला मी मधे तोंड घालत होते, तारखा सांगत होते, आकडे सांगत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही कोण?"

"मी कोडिंगमधली. म्हणजे, धाकटी बहीण."

"मग आज नुसती धाकटी बहीण व्हा."

मी ताईची पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्यांनी ताईला स्वच्छ सांगितलं. चौतीस आहे. तीसच्या खाली चौथी पायरी. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. त्या गोळ्यांपैकी एकही पुन्हा पोटात जाता कामा नये, गुडघा कितीही दुखला तरी. उरलेलं टिकतंय की उताराला लागलंय, ते तीन महिन्यांनी कळेल.

"आणि उताराला लागलं असेल तर?" ताईने विचारलं. तिने स्वतःबद्दल काही विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"तर मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

२५ मे

गोळ्या बंद झाल्यापासून गुडघा भरपाई करतोय. मलम, पट्टा, व्यायाम, सगळं चालू आहे. ती दुखतं म्हणत नाही, पण आता मला दिसतं. वरचा ओठ आत जातो.

शिवण मात्र सोडवत नाही. मग तोडगा काढलाय. ती स्टुलावर बसून कापड धरते आणि मी शेजारी खुर्चीत बसून मशीनचं पायडल मारते. पाय माझे, हात तिचे. "हळू! घोडागाडी आहे का ही? आता सोड. सोड म्हटलं ना!" एक फ्रॉक वाया गेला. दुसऱ्याला जमलं. ते सरळ, बारीक टाके एकामागून एक बाहेर येताना मी आ वासून बघत होते. लहानपणापासून बघतेय, पण इतक्या जवळून नाही. एवढ्या काटक्या झालेल्या हातांत हे सगळं अजून शाबूत आहे.

चिमणी हल्ली प्रत्येक फाइलीतले रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी पसरते. वेळ लागतो. मोठ्या बाई काही म्हणत नाहीत.

२२ जुलै

उद्या तपासणीचा निकाल. आज सात फाइलींना कोड दिले आणि सातही पुन्हा तपासले. चौतीसच्या खाली किती आला तर काय, या पायऱ्या मला तोंडपाठ आहेत. त्या माहीत नसत्या तर बरं झालं असतं.

२३ जुलै

छत्तीस.

डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला. छत्तीस! त्या म्हणाल्या, दोनचा फरक म्हणजे वाढ समजू नका, एवढं वरखाली होतंच. पण उतरण थांबलीय. उरलंय ते काम करतंय, आणि सांभाळलं तर पुष्कळ वर्षं करेल.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. वर्षभर गोळ्यांचा मारा खाल्ला, निम्म्याहून जास्त सोबतीण गाळण्या गेल्या, आणि राहिलेल्यांनी ना हाक ना बोंब, आपलं दिवसरात्र गाळणं सुरू ठेवलं. मी नाक पुसलं.

डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. त्यांनी ताईला विचारलं, "एक सांगा. एवढं दुखत होतं, जेवण जात नव्हतं. घरी बोलला का नाहीत?"

मला वाटलं, आता 'काय धाड भरलीय' येईल. पण ताई खिडकीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागली.

"आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती. मी सतरा. आईला आधी नुसता तापच आला होता. त्यानंतर दोन महिन्यांनी मला ताप आला, साधाच. तर ही शाळेत जाईना. माझ्या दाराशी बसली. रडत नव्हती, नुसती बघत होती, मी श्वास घेतेय का. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी उठले, अंगात ताप होता तसाच, आणि म्हटलं, मला काय धाड भरलीय? तेव्हा ही हसली आणि जेवली." ताई थांबली. "मग मी आजारी पडायचंच सोडलं. नंतर सवय झाली."

डॉक्टरीणबाईंनी हे लिहून घेतलं नाही.

मला तो ताप आठवत नाही. ते दार आठवत नाही, न जेवलेले दोन दिवस आठवत नाहीत. चव्वेचाळीस वर्षं ती माझ्यासाठी बरी होती आणि मी तिला डोंगर म्हणत होते.

येताना रिक्षात मी तिचा हात धरला. म्हटलं, "ताई, मी बावन्न वर्षांची आहे गं. आता जेवते मी." ती म्हणाली, "ते दिसतंच आहे."

२४ जुलै

सकाळी कामावर निघाले होते. पिशवी खांद्याला, एक चप्पल पायात. आतून ताईची हाक आली. मी गेले. ती पलंगावर बसून होती, पाय खाली सोडलेले, केस विंचरलेले नव्हते.

ती माझ्याकडे बघत होती, अगदी टक लावून. मी घाबरते का ते बघत असावी.

"धाकटे," ती म्हणाली, "आज गुडघा फार दुखतोय."

मी पिशवी खाली ठेवली. चेहरा जागेवर ठेवला, देव जाणे कसा. स्वयंपाकघरात जाऊन दोघींचा चहा टाकला, हॉस्पिटलला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, मलम घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कुठे दुखतंय, सांग," मी म्हटलं.

ती सांगायला लागली.